इटाचुना राजबाडी ऊर्फ बर्गी डांगा: सगळे जण मला तेच तेच विचारतात ते प्रश्न

मी मूळचा नागपूरचा, नोकरीपायी कोलकत्यात येऊन पडलोय. मागच्या थंडीत इटाचुन्याला जाऊन आलो, घरच्या ग्रुपवर चार फोटो टाकले, आणि तेव्हापासून मामा, आत्या, ऑफिसातले, बहिणीच्या सासरचे असे सगळे एकच विचारतायत की तिकडे म्हणे आपल्या मराठ्यांचा राजवाडा आहे, खरं का? प्रत्येकाला वेगळं टाईप करून हात दुखले. म्हणून हे सगळं एकदाच लिहून ठेवतोय.

हे इटाचुना नेमकं आहे कुठे?

पश्चिम बंगालच्या हुगळी जिल्ह्यात, पांडुआच्या अलीकडे. हावड्याहून बर्धमानकडे जाणाऱ्या मेन लाईनवर खन्यान नावाचं स्टेशन लागतं, तिथे उतरायचं आणि टोटो (म्हणजे बॅटरीवाली रिक्षा) पकडायची. आजूबाजूला सगळी शेती, भात आणि बटाटा. हुगळीचा बटाटा बंगालात फेमस आहे आणि थंडीत गेलात तर रेल्वेच्या दोन्ही बाजूंना बटाट्याचेच वाफे दिसतात. गावाच्या नावात ‘इट’ म्हणजे वीट आणि चुना असं दोन्ही आहे. वीट-चुन्याचं गाव, आणि गावात एवढं मोठं वीट-चुन्याचं घर, म्हणजे नाव शोभतं एकदम.

राजबाडी म्हणजे राजवाडाच ना?

नाही हो. बंगालीत ‘बाडी’ म्हणजे साधं घर. आपल्याकडे वाडा आणि वाडी आहे ना, त्याच कुळातला शब्द वाटतो. आणि राजा म्हणजे दर वेळी मुकुटवाला राजा नाही, गावाला जमीनदार हाच राजा, त्यामुळे त्याचं घर ती राजबाडी. काही जमीनदारांना नवाबाकडून नाहीतर इंग्रजांकडून ‘राजा’ ही पदवी रीतसर मिळालेली असायची, बाकीच्यांना लोकांनीच बहाल केलेली. आपल्याकडच्या देशमुखांच्या गढीला कौतुकाने राजवाडा म्हणतात तसंच समजा.

कोणी बांधली, कधी?

कुंडू घराण्याने, १७६६ साली. आज उभं असलेलं सगळंच त्या वर्षीचं आहे असं समजू नका, एवढ्या मोठ्या घरात प्रत्येक पिढी काहीतरी वाढवते, काहीतरी पाडते. पण घराण्याची तारीख विचाराल तर १७६६.

मग यात मराठ्यांचा संबंध कुठून आला?

हाच खरा प्रश्न, आणि याचं उत्तर दोन ओळीत होत नाही. घराण्याची परंपरा अशी सांगते की आम्ही मूळचे ‘कुंदन’, मराठ्यांच्या फौजेबरोबर बंगालात आलो, इथेच राहिलो आणि कुंदनचं कुंडू झालं. गावात या घराला आजही ‘बर्गी डांगा’ म्हणतात. आमच्या मामांनी हे वाचलं आणि विचारलं की दंगा कधी झाला होता? मामा, डांगा म्हणजे दंगा नाही, बंगालीत डांगा म्हणजे पाणी न चढणारी उंच जमीन. बर्ग्यांची उंचवट्याची जागा, एवढंच.

बर्गी म्हणजे कोण?

आपलाच शब्द आहे, बारगीर. शाळेत होतं बघा, शिलेदार म्हणजे स्वतःचा घोडा आणि स्वतःचं हत्यार घेऊन येणारा, आणि बारगीर म्हणजे ज्याला घोडा, हत्यार सरकारातून मिळतं तो, पगारी घोडेस्वार. बंगाली माणसाला हा फरक कळायचं काही कारण नव्हतं, त्याने लांबून धूळ पाहिली, ‘बारगीर’ हा शब्द ऐकला, त्याचा ‘बर्गी’ केला आणि मग मराठा म्हणजेच बर्गी होऊन बसलं. गंमत बघा, फौजेतला सगळ्यात खालच्या पायरीवरचा माणूस आणि त्याचं नाव अख्ख्या फौजेला लागलं. पेशवे, भोसले, पंडित ही नावं इतिहासवाल्यांना माहीत असतात. घराघरात पोचला तो बर्गी.

घराघरात म्हणजे?

अंगाईत! बंगाली आया पिढ्यान् पिढ्या बाळाला झोपवताना जे म्हणतात त्याचा अर्थ साधारण असा, की बाळ झोपलं, पाडा शांत झाला (पाडा म्हणजे मोहल्ला), बर्गी देशात आले, बुलबुलांनी धान खाऊन टाकलं, आता सारा (म्हणजे जमिनीचा कर) कशातून भरू? मी पहिल्यांदा ऐकली ती ऑफिसातल्या एका दादांच्या घरी, त्यांची आई नातवाला थोपटत होती. मी कौतुकाने विचारलं काकीमा, हे बर्गी म्हणजे काय, तर त्या हसून म्हणाल्या, अरे तूच! नागपूरचं नाव मी आधीच सांगून बसलो होतो. मी पण हसलो, पण घरी जाताना मेट्रोत जरा चमत्कारिकच वाटत होतं.

आपण बंगालात गेलोच कशाला होतो?

पैशासाठी. सरळ सांगायचं तर चौथाईसाठी. औरंगजेबानंतर मुघलांची पकड ढिली झाली, नागपूरकर रघूजी भोसल्यांचं लक्ष पूर्वेकडे होतं, आणि तिकडे अलीवर्दी खानाने १७४० मध्ये आधीच्या नवाबाला मारून बंगाल बळकावला होता. नवाबाच्या विरोधातल्या लोकांना बाहेरची फौज हवीच होती, आणि नागपूरला निमित्त. १७४२ मध्ये रघूजींचे दिवाण भास्करराम कोल्हटकर (बंगालात भास्कर पंडित) फौज घेऊन आले. एप्रिलात बर्धमानजवळ त्यांनी खुद्द अलीवर्दीला घेरलं, मे महिन्यात त्यांची एक तुकडी राजधानी मुर्शिदाबादपर्यंत जाऊन तिथल्या बड्या सावकाराची, जगत शेठची, कोठी लुटून आली. पावसाळ्याआधी परत फिरायचा विचार होता म्हणे, पण नवाबाकडून फुटून आलेल्या मीर हबीबने थांबवून घेतलं आणि छावणी पडली काटव्याला. त्याच वर्षी भास्कर पंडितांनी काटव्याजवळ दाईंहाटला दुर्गापूजा मांडली, जोरात, आसपासच्या जमीनदारांकडून वसुली करून. पूजा पूर्ण व्हायच्या आतच सप्टेंबर अखेरीला अलीवर्दीने नदी ओलांडून पहाटे छापा घातला आणि सगळ्यांना पळ काढावा लागला.

पुढे हे दहा वर्षं चाललं. एक वर्ष तर फारच इरसाल आहे, १७४३. त्या वर्षी रघूजी स्वतः आले आणि त्यांना अडवायला नानासाहेब पेशवे पण बंगालात आले, म्हणजे दोन मराठी फौजा एकाच नवाबाकडून पैसे काढायला एकमेकींच्या मागे. पेशव्यांनी खर्चापोटी २२ लाख घेतले आणि रघूजींना हाकललं. बंगाली शेतकऱ्याला यातला कोण कोणाचा हे कसं कळणार होतं? शेवटी शाहू महाराजांनी दोघांचं भांडण मिटवून दिलं.

१७४४ च्या ३१ मार्चला मानकरा नावाच्या ठिकाणी अलीवर्दीने तहाच्या नावाने भास्कर पंडितांना तंबूत बोलावलं आणि त्यांना आणि बरोबरच्या सरदारांना तिथेच कापलं. छावणीत मागे राहिलेले रघूजी गायकवाड तेवढे उरलेली फौज घेऊन निसटले. त्याचा सूड म्हणून पुन्हा स्वाऱ्या, आणि शेवटी १७५१ चा तह: ओडिशा नागपूरकरांच्या ताब्यात, बंगालची चौथाई म्हणून वर्षाला १२ लाख, सुवर्णरेखा नदी ही हद्द. ओडिशा मग १८०३ पर्यंत भोसल्यांकडेच होता.

इतके वाईट वागले का खरंच? की इंग्रजांनी रंगवलंय?

मला पण आधी असंच वाटायचं की इंग्रजांनीच बदनामी केली असणार. पण गंगाराम नावाच्या कवीची बंगाली पोथी आहे, ती या स्वाऱ्या चालू असतानाच्याच काळातली, इंग्रज तेव्हा फक्त व्यापारी होते. त्यात गावं कशी पळाली त्याची यादी आहे, ब्राह्मण पोथ्यांची गाठोडी घेऊन पळाला, सोनार तराजू घेऊन, कोळी जाळं घेऊन. बर्गी येतात आणि एकच घोष लावतात की रुपये द्या, रुपये द्या, आणि नाही मिळाले तर नाक-कान कापणं, पाण्यात बुडवणं, बायकांवर अत्याचार, सगळं आहे त्यात. ते वाचून मी दोन दिवस गप्प होतो. आणि तरी तोच कवी सुरुवातीला सांगतो की बंगालात पाप वाढलं म्हणून शंकराने नंदीला शाहू राजाकडे पाठवलं, म्हणजे ही शिक्षा देवानेच धाडलेली. नंतर बर्ग्यांनी ब्राह्मण आणि बायका मारल्या तेव्हा देवी त्यांच्यावर उलटली. त्याने आपल्याला राक्षस पण म्हटलं नाही आणि सोडलं पण नाही.

कोलकत्यात तेव्हा लोक इतके घाबरले की गावाभोवती खंदक खणायला घेतला, मराठा डिच. सात मैलांचा ठरला होता, तीन मैल झाला, मराठे काही आले नाहीत आणि काम थांबलं. पुढे १७९९ मध्ये बुजवून त्यावरून सर्क्युलर रोड काढला. बागबाजारात मराठा डिच लेन अजून आहे, मी तिथे जाऊन पाटीचा फोटो काढून बाबांना पाठवला होता, बाबांचा रिप्लाय, ‘छान.’

पण घर हुगळी जिल्ह्यातच का? फौज तर काटव्याला होती ना?

काटवा काही फार लांब नाही, घोड्याच्या हिशोबाने तर नाहीच. शिवाय १७४२ च्या पावसाळ्यात मीर हबीबच्या मदतीने हुगळीचा किल्लाच मराठ्यांच्या हातात आला होता आणि शेषराव नावाच्या सरदाराला तिथला कारभार दिला होता. काही महिनेच टिकलं ते, पण या पट्ट्यात मराठी माणसं फक्त घोडे दौडवत गेली नाहीत, कचेरी थाटून पण बसली होती.

मग कुंडू हे मराठाच, हे नक्की?

आता माझं स्पष्ट मत सांगतो, पटलं तर घ्या. ही घराण्याची परंपरा आहे, ते स्वतः अभिमानाने सांगतात, आणि गावाच्या तोंडी बर्गी डांगा हे नाव आहे. एवढं भक्कम आहे. पण एक म्हणजे कुंडू हे आडनाव बंगालात ठिकठिकाणी सापडतं, खास करून व्यापारी जातींमध्ये, त्या सगळ्यांचा बर्ग्यांशी काही संबंध नाही. दुसरं म्हणजे ‘कुंदन’ हे आडनाव तुम्ही आपल्याकडे कधी ऐकलंय का? मी तरी नाही. माझ्या आत्याने लगेच थिअरी मांडली की ते कुंटे असतील, शेजारचे काका म्हणाले कुंभारे, असा आडनावांचा खेळ खेळायला बसलो तर रात्र पुरणार नाही.

मला त्यात एक वेगळीच गोष्ट वाटते. ज्या प्रांतात बर्गी हा शब्द पोराला घाबरवायला वापरतात तिथे एखादं घराणं आपणहून म्हणतं की आम्ही बर्ग्यांचे वंशज. मोठेपणाच मिरवायचा तर कुठल्याही राजपुताचं नाव घेता आलं असतं, बरेच जण घेतात पण. यांनी लुटारूचं नाव ठेवून घेतलं. म्हणून मला आतून वाटतं यात काहीतरी खरं असणार, पुरावा मागाल तर माझ्याकडे नाही.

साध्या बारगिराकडे एवढं घर बांधायला पैसा आला कुठून?

लुटीतून असं तुम्हाला म्हणायचंय ना, म्हणा. शक्यता आहेच. पण नुसत्या लुटीवर दोन-अडीचशे वर्षं घर चालत नाही, त्याला जमीन लागते आणि जमिनीतून दरवर्षी येणारा सारा लागतो. १७६६ ही तारीख जरा आजूबाजूला ठेवून बघा. १७५१ ला मराठ्यांशी तह झाला, १७५७ ला प्लासी, १७६४ ला बक्सर, ऑगस्ट १७६५ ला कंपनीला बंगालची दिवाणी म्हणजे सारा गोळा करायचा हक्क मिळाला आणि पुढच्याच वर्षी हे घर. सगळी व्यवस्था उलटीपालटी होत असताना ज्याच्या हातात रोकड आणि चार दांडगी माणसं होती त्याचं फावलं. आणि घर जेमतेम चार वर्षांचं झालं असेल तोवर १७७० चा दुष्काळ पडला, बंगाली सन ११७६ म्हणून त्याला ते ‘छियात्तरचा मन्वंतर’ म्हणतात, बंगालची साधारण एक तृतीयांश माणसं मेली असं तेव्हाचेच अधिकारी लिहून गेलेत. त्या साली कंपनीचा सारा मात्र वसूल होत राहिला. अंगाईतल्या आईचा प्रश्न तोच होता, सारा कशातून भरू, फक्त मागणारा बदलला होता.

जमीनदार म्हणजे जमिनीचा मालक ना?

आधी नाही, नंतर हो. नवाबीत जमीनदार हा सारा गोळा करून वर पोचवणारा, आपल्याकडच्या खोतासारखा किंवा देशमुखासारखा. १७९३ मध्ये कॉर्नवॉलिसने कायमधारा आणला आणि याच माणसाला मालक करून टाकलं. वसुलीतले अकरातले दहा भाग कंपनीला, एक जमीनदाराला, आणि आकडा कायमचा ठरलेला. वरून सूर्यास्ताचा कायदा, म्हणजे ठरलेल्या दिवशी सूर्य मावळायच्या आत पैसे नाही भरले तर जमीनदारीचा लिलाव. कितीतरी जुनी घराणी यात बुडाली आणि कोलकत्यात व्यापार करून गब्बर झालेल्या बाबूंनी त्यांच्या जमिनी उचलल्या. जी टिकली त्यांची पुढे चंगळ झाली, कारण शेती वाढली, भाव वाढले, सरकारचा आकडा तोच. राजबाड्यांना ते उंच गोल खांब, झुंबरं, विलायती आरसे हे सगळं याच चंगळीच्या काळात आलं. रयतेला काय मिळालं हे विचारू नका.

आत बघण्यासारखं काय काय आहे?

आधी नकाशा डोक्यात घ्या, मग फिरायला मजा येते. आपल्या चौसोपी वाड्यासारखेच चौकामागे चौक, पण प्रत्येक चौकाचं काम ठरलेलं. पुढे कचेरीबाडी, जिथे रयत साऱ्याचे पैसे घेऊन यायची, नायब आणि गोमस्ते खतावण्या घेऊन बसायचे. त्याच्या आत ठाकुरबाडी, म्हणजे देवाचा चौक. बंगालीत ठाकूर म्हणजे देव, हे एकदा कळलं की अर्धी आडनावं आणि निम्मं घर समजतं. ठाकुरदालान म्हणजे कमानींचा उंच ओटा जिथे देव बसतो, आणि समोर नाटमंदिर म्हणजे कीर्तन, जात्रा (बंगाली लोकनाट्य), गाणं व्हायचं ती जागा. आणि सगळ्यात आत अंदरमहल, बायकांचा भाग. तिथून बाहेरच्या चौकात काय चाललंय ते बघायचं तर खिडकीच्या फळ्या तिरक्या करून. या फळ्यांच्या झडपांना खडखडी म्हणतात, आणि त्या खरंच खडखडतात.

इटाचुन्यात कुलदैवत श्रीधरजी, म्हणजे विष्णूच. संध्याकाळी आरती होते, शंख आणि काशाची थाळी वाजते, त्या वेळी अंगणात थांबा, मोबाईल खिशात ठेवा. दिवसभर फोटोबिटो काढून जे कळत नाही ते त्या पंधरा मिनिटांत कळतं, की हे नुसतं हॉटेल झालेलं नाहीये, देव अजून घरात आहे आणि त्याचं रोजचं सगळं चालू आहे.

गच्चीवर जरूर जा. एका बाजूला तळी, दुसऱ्या बाजूला नारळ-सुपारी, आणि लांबून लोकलचा भोंगा. खोल्यांना नंबर न देता नात्यांची नावं दिलीयत, ठाकुमा म्हणजे आजी, पिशीमा म्हणजे आत्या, बडो बौदी म्हणजे थोरली वहिनी. माझ्या बायकोने आत्याच्या खोलीत राहायला साफ नकार दिला, कारण विचारलं तर म्हणे तुझी आत्या आठवते. (आत्या, हे वाचत असशील तर ती गंमत करत होती.)

भिंती दगडी का नाहीत? आपले वाडे किती भक्कम असतात!

कारण दगड नाहीच तिथे! गंगेच्या गाळाचा प्रदेश, खणाल तिथे चिखलच. म्हणून भाजलेल्या पातळ विटा आणि चुना-सुरकी, सुरकी म्हणजे विटांचा भुगा. छताला लाकडी तुळया आणि त्यावर आडव्या वाशांची रांग, त्याला कडी-बरगा म्हणतात (त्या बरग्याचा आपल्या बर्ग्याशी काही संबंध नाही, मी विचारून घेतलं, लोक हसले). भिंती इतक्या जाड की मे महिन्यात पण आत जरा बरं वाटतं. पण वीट पाणी पिते, पावसाळा चार महिने, भेगेत एकदा वड किंवा पिंपळ रुजला की संपलं. बंगालच्या खेड्यांत निम्म्या राजबाड्या अशाच झाडांच्या तावडीत सापडलेल्या दिसतील.

मग जमीनदारी गेल्यावर यांचं काय झालं?

१९५३ चा पश्चिम बंगालचा इस्टेट ॲक्विझिशन कायदा, तो १९५५ पासून लागू झाला आणि मधले सगळे सारा-वसूलदार गेले. शेतजमीन ठेवायची मर्यादा २५ एकर. एका फटक्यात उत्पन्न बंद आणि घर मात्र तेवढंच मोठं. त्यात भर भाऊबंदकीची, बंगालीत हिस्सेदाराला ‘शरिक’ म्हणतात आणि मोठ्या घरात एकेका पिढीत शरिक इतके वाढतात की एक खांब रंगवायचा तर वीस सह्या लागतात. पोरं कोलकत्याला, मुंबईला, परदेशात. बऱ्याच घरांत तर वर्षातून एकदा दुर्गापूजेला सगळे जमतात, पाच दिवस दिवे लागतात, मग पुन्हा कुलूप. इटाचुन्याचं नशीब बरं, कुटुंबानेच घर उघडं ठेवलं, पाहुणे ठेवायला सुरुवात केली आणि त्या पैशातून डागडुजी होते. गावात १९५० साली सुरू झालेलं कॉलेज पण विजय नारायण कुंडूंच्याच नावाचं.

म्हणजे राहता येतं?

येतं, हेरिटेज होमस्टे आहे. जुन्या घरात खोल्या आणि मागे बागेत मातीच्या झोपड्या पण केल्यात. शनिवार-रविवारचं आणि थंडीतलं बुकिंग लवकर भरतं. आणि बुकिंग नसताना गेटवर जाऊन ‘आम्ही पण मराठी, जरा आत सोडा’ असलं काही करू नका प्लीज, आमच्यातल्या एकाने केलंय, दरवान नम्रपणे हसला आणि गेट तसंच राहिलं.

तो पिक्चर इथलाच ना?

हो. २०१३ च्या ‘लुटेरा’ या हिंदी पिक्चरचा बराचसा भाग इथे शूट झाला, आणि त्याची गोष्ट पण जमीनदारी जाण्याच्याच काळातली. तेव्हापासून गच्चीवर तसेच फोटो काढणाऱ्या जोडप्यांची लाईन असते.

भुतं आहेत का?

डास आहेत.

तिथे कोणाला मराठी येतं का?

अजिबात नाही. भाषा, आडनाव, देव, जेवण, सगळं बंगाली. मी फार आशेने गेलो होतो की कुठेतरी एखादा शब्द, एखादी पद्धत, भिंतीवर खंडोबाचा टाक असलं काही सापडेल. काही नाही सापडलं. आधी जरा हिरमोड झाला, मग वाटलं बरोबरच आहे की, ज्या बारगिराने परत नागपूरला न जाता इथेच चूल मांडली त्याला मुलांना इथलंच करायचं होतं. आपल्याकडे तंजावरचे मराठी लोक अजून घरात मराठी बोलतात, पण त्यांच्या मागे गादी होती, दरबार होता. एकट्यादुकट्या घोडेस्वाराची भाषा दोन पिढ्यांत बायकोच्या भाषेत विरघळते.

बंगाली लोकांसमोर बर्गी विषय काढावा का? अपमान वाटेल त्यांना?

बिनधास्त काढा, फक्त छाती फुगवून नको. इटाचुन्यात वाढायला आलेल्या काकांना मी नागपूरचा म्हटल्यावर ते म्हणाले, मग तर हे तुमच्याच घरचं, अजून दोन लुची (मैद्याच्या पुऱ्या) घ्या. मला त्या क्षणी ना अभिमान वाटला ना लाज, लुची मात्र घेतल्या. ‘अटकेपार झेंडे’ ऐकत मोठे झालेल्या आपल्यासारख्यांनी तीच गोष्ट एकदा ज्याच्या दारात ते घोडे थांबले त्याच्या तोंडून ऐकावी असं मला मनापासून वाटतं. आणि उलटही आहे बरं का, याच बंगालने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला शिवाजी उत्सव केला, सखाराम गणेश देऊस्कर या मराठी घरातल्या पण बंगालीत लिहिणाऱ्या माणसाने त्यासाठी खूप धडपड केली. बर्गी वेगळे आणि शिवाजी महाराज वेगळे, ही फोड बंगाली माणूस करतो.

जेवायला काय मिळतं? आम्ही प्युअर व्हेज आहोत.

काळजी नको, बंगाली म्हणजे नुसते मासे नाहीत. काशाच्या ताटात आणि वाट्यांत वाढतात, सुरुवातीला शुक्तो (कडसर मिक्स भाजी, पहिल्यांदा तोंड वाकडं होतं), मग डाळ, बेगुन भाजा म्हणजे तळलेली वांगी, आलू-पोस्तो म्हणजे खसखस घातलेला बटाटा, केळफुलाची भाजी, टोमॅटोची गोड चटणी, मिष्टी दोई. फक्त बुक करतानाच सांगा की मासे खात नाही, कारण तिकडे काही लोकांच्या हिशोबात मासा म्हणजे पाण्यातली भाजीच. मी स्वतः खातो त्यामुळे माझी चंगळ झाली.

जायचं कसं?

हावड्याहून बर्धमान लोकल, साधारण दीड तास. हे नीट वाचा: बर्धमानला दोन लाईन जातात, मेन आणि कॉर्ड. खन्यान मेन लाईनवर आहे, बँडेल, मगरा, तालांडू, मग खन्यान. आम्ही पहिल्या वेळी बोलण्याच्या नादात कॉर्डची गाडी पकडली, आणि वाटेत ‘कामारकुंडू’ अशी पाटी दिसल्यावर आमचा एक हुशार मित्र म्हणाला बघा कुंडू आलं, आता जवळच असणार. जवळ काही नव्हतं, उलटं फिरून अख्खी सकाळ गेली. बाकी मेन लाईन फार जुनी आहे, १८५४ मध्येच हावडा ते पांडुआ गाडी धावायला लागली होती. म्हणजे आपल्या बोरीबंदर-ठाण्यानंतर वर्षभराने या जमीनदारांच्या दारातून आगगाडी जायला लागली.

एका दिवसात आजूबाजूला अजून काय होईल?

पांडुआचा जुना मिनार आणि पडकी मशीद अगदी पुढच्याच स्टेशनवर. परतीच्या वाटेवर वेळ असेल तर बांसबेडियाचं हंसेश्वरी मंदिर, तेरा कमळकळ्यांसारखी शिखरं, १८१४ मध्ये पुरं झालेलं, आणि त्याच आवारात १६७९ चं अनंत वासुदेव मंदिर, त्यावरचं टेराकोटाचं काम बघत राहावं असं. बँडेलचं पोर्तुगीज चर्च, हुगळीचा इमामबाडा, चुचुड्याला डच, चंदननगरला फ्रेंच, म्हणजे एका नदीकाठी पंधरा-वीस मैलांत युरोपातले निम्मे व्यापारी. सगळं एका दिवसात करायला जाऊ नका, धावपळ होते. बायकोला धनेखालीची तांताची (म्हणजे हातमागाची) साडी हवी असेल तर ती पण याच जिल्ह्यातली.

इटाचुना सोडून दुसरी कुठली राजबाडी?

बावाली, आंदूल, महिषादल, कासिमबाजार, झाडग्राम, प्रत्येकाची तऱ्हा वेगळी. बावाली जास्त लक्झरी आहे आणि खिशाला पण तसंच आहे. पण नागपूरकराने पहिली इटाचुनाच बघावी.

कधी जावं, बरोबर काय न्यावं?

नोव्हेंबर ते फेब्रुवारी. एप्रिल-मे मध्ये घामाने जीव जातो, पावसाळ्यात हिरवंगार असतं पण जिन्यावरून घसरायला होतं. डासांचं क्रीम, टॉर्च, टोटोवाल्यासाठी सुटे पैसे, आणि आजी-आजोबा बरोबर असतील तर खालच्या मजल्यावरची खोली आधीच सांगून ठेवा, कारण पायऱ्या उंच आहेत. रविवारी संध्याकाळी हावड्याकडे जाणाऱ्या लोकलला मरणाची गर्दी असते, त्यामुळे जेवण झालं की दुपारीच निघा. खन्यानच्या फलाटावर भांडात, म्हणजे मातीच्या इवल्याशा कपात चहा मिळतो. तो पिऊन कप फेकू नका, मी माझा घरी आणलाय, त्यात आईने आता तुळशीचं रोप लावलंय.